हसनाबादचा न पडलेला फ्लॅश

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. उभी हयात डार्करूममध्ये गेलेल्या माणसाला अंधाराचं काय कौतुक... तरी हे लिहितोय, कारण यात माझी एक चूक आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्यात माझा छोटासा स्टुडिओ होता. फ्लॅश घ्यायला औरंगाबादला गेल्तो. दुकानदाराने दोन पुढे ठेवले — एक बल्बचा, दर फोटोला नवा बल्ब लावायचा. दुसरा सेलवरचा, इलेक्ट्रॉनिक.

"माळवदाच्या अंधाऱ्या घरात फोटो काढायचे तर बल्बचाच घ्या. बराबर उजेड देतो. सेलचा बिलकुल भरवसा न्हाई," तो म्हणाला.

मी सेलवाला घेतला. लग्नाकार्यात भाव खायचा होता, दुसरं काय!

पहिलंच काम हसनाबादचं. शाळेत शिकवणाऱ्या कमलताईंची आई अंथरुणाला खिळलेली. तिचा जन्मात एकही फोटो निघालेला नव्हता, आणि तिला अंगणात आणणं शक्य नव्हतं. भर दुपारीही खोलीत काळोख. खिडकी नाही, तिन्ही बाजूंना मातीच्या भिंती, आणि थंडी म्हणून माझ्या पाठीमागचं दारही लोटलेलं. ताईंनी आईला उशा लावून बसवलं. तिने पदर नीट केला. मी बटण दाबलं... फ्लॅश पडलाच नाही. सेल बसले होते, जादा आणले नव्हते.

"उजेड न्हाई पडला, भाऊ?" ताईंनी विचारलं.

"नव्या फ्लॅशचा डोळ्याला दिसत न्हाई, ताई. झालं काम."

धडधडीत खोटं बोललो, लाजेपोटी. दोन दिवसांत काहीतरी निमित्त काढून पुन्हा येऊ, असं ठरवलं होतं. पण लग्नसराई लागली आणि मी गेलोच नाही. पंधरवड्यात म्हातारी गेली. ताई स्टुडिओत आल्या तेव्हा म्हणालो, रोल खराब झाला. त्या निघून गेल्या.

रोलवर बाकी सगळे फ्लॅशच्या चाचणीचे फोटो, म्हणून तो ड्रॉवरमध्ये तसाच पडला होता. चार महिन्यांनी धुतला. शेवटच्या फ्रेममध्ये म्हातारी होती — स्वच्छ, प्रसन्न. डाव्या गालावर मऊ उजेड, सावली उजव्या भिंतीवर. माझा फ्लॅश कॅमेऱ्यावर होता. पडला असता तरी सावली अशी बाजूला पडली नसती. आणि डावीकडे तर सलग भिंत! पुढे कितीतरी जाणकारांना निगेटिव्ह दाखवली. तो उजेड कुठला, हे आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. मलाही कळलेलं नाही.

प्रिंट घेऊन मी हसनाबादला गेलो. सगळं खरं सांगितलं. ताईंनी फोटो मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत बसल्या. उजेडाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"मायचा चेहरा ध्यानातून चालला होता, भाऊ. रोज डोळे मिटून आठवत बसत होते," त्या हळूच म्हणाल्या. "आन् ती तुमच्या ड्रॉवरमधी होती?"

मी खाली मान घालून हो म्हणालो.