काजळी जाळायला अकोला

"दाबू नको बे! थंडं इंजिन हाय ते, काहून गळा दाबून राह्यला त्याचा!"

बाबा ओरडले आणि लॉनवरचे सगळे लोक वळून आमच्याकडे पाहू लागले. मी ड्रायव्हरच्या सीटवर होतो, उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर रोवलेला, आणि सहा सिलिंडरांचं डिझेल इंजिन असं काही गुरगुरत होतं की लग्नासाठी बांधलेल्या कमानीवरचा वाळका झेंडू भराभरा गळून पडत होता. निदान मी नंतर सगळ्यांना तसंच सांगितलं. खरं म्हणजे झेंडू वाऱ्याने पडत होता, आणि गाडी आतून एवढी शांत होती की मला इंजिन ऐकूच येत नव्हतं. ऐकू येत होते फक्त बाबा.

लॉन म्हणजे बडनेरा रोडवरचं लग्नाचं लॉन. असल्या भारी गाड्यांचं शोरूम नागपूरला. पण अमरावतीतही डॉक्टर, बिल्डर आणि क्लासवाले राहतात ही खबर कंपनीपर्यंत पोचली असावी, म्हणून त्यांनी दोन दिवसांसाठी तीन गाड्या इथे आणून मांडल्या होत्या. गाडी एकच, इंजिनं तीन. एक पेट्रोल, एक डिझेल, आणि एक अर्धं पेट्रोल अर्धं बॅटरी. मी क्लासवाल्यांपैकी. फिजिक्स शिकवतो. टॉर्क म्हणजे काय हे मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की तो फळाच आता एखाद्या दिवशी स्वतःभोवती फिरायला लागेल.

त्याआधीचे चार महिने मी क्लाससमोरच्या टपरीवर गाडीचंच कीर्तन लावलं होतं. पेट्रोल म्हणजे सशाचं पिल्लू, डिझेल म्हणजे रेडा. पेट्रोलची गाडी पुण्याच्या लोकांसाठी, ज्यांना कंपनीतून घरी आणि घरून कंपनीत जायचं असतं. वऱ्हाडातल्या माणसाला डिझेलच पाहिजे. उद्या चिखलदऱ्याच्या घाटात ट्रक फसला तर ओढून कोण काढेल? आयुष्यात मी चिखलदऱ्याला दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर उलटी दाबत. पण टपरीवर मी तोवर सतरा ट्रक ओढून काढले होते.

आणि या सगळ्या कीर्तनाचं धृपद एकच. माझा बाप डिझेलचा डॉक्टर.

तेवढं मात्र खरं. बाबा चौतीस वर्षं अकोल्याच्या एसटी डेपोत होते, इंजिनाच्या कामावर. त्यांच्याजवळ हातभर लांबीचा एक पेचकस होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "तिसऱ्याचा नोझल." तिसऱ्याचाच नोझल निघायचा. मी टपरीवर सांगायचो की बाबा अकोल्यात अंथरुणावर पडल्यापडल्या मूर्तिजापूरहून सुटलेली बस ओळखत. एवढं नाही, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळलेली बस ते ओळखत हे मी लहानपणी पाहिलेलं आहे.

म्हणूनच मी त्यांना खास अकोल्याहून बोलावून घेतलं होतं. विचारायला नाही. दाखवायला. डिझेलच्या डॉक्टरने डिझेलच्या गाडीवर हात ठेवावा, मान डोलवावी, आणि ते टपरीवरच्या मंडळींनी पाहावं. दोघं-तिघं जण मी सोबत आणलेच होते.

बाबा मात्र पांढरा धुवट सदरा घालून आले आणि पिशवीतून पेचकस काढू लागले. सेल्समन बिचारा त्या उन्हात कोट घालून उभा. तो म्हणाला, "अंकल, बॉनेट उघडून काही दिसणार नाही. वर सगळं प्लॅस्टिकचं कव्हर आहे." बाबांनी पेचकस परत पिशवीत ठेवला. मग तिन्ही गाड्यांभोवती एकेक चक्कर मारली, डिझेलवालीच्या मागे गेले, उकिडवे बसले, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते बोट पाहिलं. चक्क स्वच्छ. मला वाटलं, आता खूश होतील.

ते उठले आणि मला विचारलं, "रोजची किती चालन?"

मी म्हणालो, भरपूर.

"घर ते क्लास किती हाय?"

दीड किलोमीटर. मधे तीन सिग्नल आणि एक भाजीबाजार. हे मी बोललो नाही, पण बाबांना ठाऊकच होतं.

"मंग पेट्रोलवाली घे," ते म्हणाले. "ह्या नव्या डिझेलले जाळी असते, धुराची काजळी धरून ठेवते. लांब पल्ल्यावर गरम झाली का काजळी जळते. गावातल्या गावात फिरवली का चोंदते. डेपोत नव्या बशी आल्या, त्याईचं हेच हाय. पोट्टे सांगतात मले."

ते खोटं बोलत नव्हते. निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून एकदा डेपोच्या कँटीनला चहाला जात. सेल्समनने तर मान खाली घालून हळूच दुजोराही दिला, की अंकल बरोबर बोलताहेत, तुमचा वापर शहरातला असेल तर पेट्रोलच बघा सर. डिझेलवाली गाडी महाग असूनही तो मला पेट्रोलवाली दाखवत होता. आता यापुढे माणसाला काय पुरावा पाहिजे?

पण टपरीवरची मंडळी पाहत होती. सतरा ट्रक घाटात फसलेले होते.

मी हसलो. मोठ्याने हसलो, कारण मोठ्याने बोलणं एवढंच मला आयुष्यात नीट जमतं. म्हणालो, "बाबा, तुमी अजून लाल डब्यातच बसून आहा. ही गाडी वेगळी असते. तुमी तिकडं खुर्चीवर बसा, कोल्ड्रिंक घ्या."

मंडळी हसली. सेल्समन हसला नाही. बाबा गेले आणि पांढरं कापड घातलेल्या खुर्चीवर बसले. कोल्ड्रिंक त्यांनी घेतलं नाही. पिशवी मांडीवर ठेवून ते संध्याकाळपर्यंत तसेच बसले, आणि मी डिझेल बुक केली.

त्या लाल डब्याच्या पगारावर मी फिजिक्स शिकलो, हे इथे लिहायची गरज नाही. तेव्हाही कुणी सांगायची गरज नव्हती. मला माहीत होतं आणि तरी मी बोललो.

गाडी आली. पहिला महिना मी अमरावतीत असा फिरलो जसा काही राजापेठचा पूल माझ्यासाठीच बांधला होता. दुसऱ्या महिन्यात, भाजीबाजारात कोथिंबिरीच्या ढिगाला बंपर लावून उभा असताना, समोर एक पिवळा दिवा लागला. नागपूरला फोन केला. सर्व्हिसवाला पोरगा अदबीने म्हणाला, "सर, फिल्टर भरत आलाय. काळजी नको. आठवड्यातून एकदा हायवेला काढा, एका स्पीडने अर्धा-पाऊण तास चालवा, काजळी आपोआप जळून जाईल." शब्दसुद्धा तेच. काजळी. मला एकदम खुर्चीवरची पिशवी आठवली.

अर्धा-पाऊण तास हायवे म्हणजे जायचं कुठे? नागपूरकडे गेलो तर नांदगाव पेठच्या पुढे काय काम सांगू? म्हणून अकोल्याकडे. शंभर किलोमीटर, सरळ रस्ता, आणि टोकाला बाप. फोन करून सांगितलं, "बाबा, रविवारी येतो भेटायले."

ते म्हणाले, "ये."

आई गेल्यापासून बाबा अकोल्यात एकटे राहतात. मी वर्षातून तीनदा जात असे. आईच्या स्मृतिदिनाला, चौदा एप्रिलला, आणि नात्यात एखादं लग्न निघालं तर. आता दर रविवारी जाऊ लागलो. मूर्तिजापूर गाठेपर्यंत काजळी जळायला लागायची, बोरगाव मंजू येईपर्यंत दिवा विझायचा, आणि मी बाबांच्या दारात गाडी लावायचो. काजळी नुकतीच जळालेली असली की गाडी बंद केली तरी पुढचा पंखा मोठ्याने घोंघावत राहायचा, आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. बाबा दाराच्या पायरीवर येऊन बसत आणि पंखा थांबेपर्यंत तिथून हलत नसत. मला वाटायचं, गाडी आवडली म्हाताऱ्याला. मनातल्या मनात मी टपरीवर हेही सांगून टाकलं.

बाबा सकाळच्या वंदनेला विहारात जात. माझं येणं सुरू झाल्यावर ते पहाटेच उठून भाकरीचं पीठ मळून ठेवू लागले, वंदना संपताच कुणाशी न बोलता घरी येऊ लागले. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. आई होती तेव्हा त्यांनी कधी चूल पाहिली नव्हती. पहिली भाकर जगाच्या नकाशासारखी झाली. आठव्या रविवारी ती गोल झाली. ती भाकर त्यांनी माझ्या ताटात वरती ठेवली.

शेजारच्या काकू एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "सर, तुमचे बाबा पुऱ्या गल्लीले सांगून राहिले, पोरगा दर रविवारी येते म्हणून." आमच्या घराण्यात फुशारकीचं सगळं काम माझ्याकडे आहे. बाबांनी आयुष्यात कधी मारली नाही, अगदी रिटायरमेंटच्या हारातुऱ्यातसुद्धा नाही. त्यांनी पहिली आणि एकच मारली, आणि तीही माझ्या गाडीच्या काजळीवर उभी.

घरी बायकोला खरं काय ते माहीत होतं. ती शाळेत शिक्षिका आहे, तिला थाप लांबून दिसते. म्हणाली, "ज्या दिवशी दिवा लागणार नाही त्या दिवशी काय कराल?"

मी म्हणालो, असं होणारच नाही, बापाला भेटायला दिवा लागतो का? आवाज चढवून म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात एका सेमिनारसाठी मला दोनदा नागपूरला जावं लागलं. फिल्टर आरशासारखा. रविवारी सवयीने निघालो खरा, पण दिवा नव्हता, ऊन मी म्हणत होतं, आणि घरी दुपारची मॅच होती. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ढाब्यावर चहा घेतला आणि तिथूनच बाबांना फोन केला, क्लासचं तातडीचं काम निघालं. ते म्हणाले, "बरं." मी गाडी वळवली. ते पन्नास किलोमीटर मी एका हाताने गाडी चालवत, गाणी म्हणत परत आलो, हे लिहू नये असं वाटतं, पण म्हटली होती गाणी.

त्याच्या पुढच्या रविवारी दिवा पुन्हा लागला, म्हणून गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं, बाबा आत चुलीपाशी. मी गाडी लावत होतो तेवढ्यात काकू कुंपणाशी आल्या.

"मागच्या रविवारी भेटच नाही झाली, सर. आलते म्हणे, घाईत होते, जेवून लगेच गेले. उरलेली भाजी बाबानं आमाले आणून देली. वांगे मस्त झालते."

मी हो म्हणालो. माझी मान आपोआप हलली. काकू आत गेल्या आणि मी गाडीला टेकून उभा राहिलो. पुढचा पंखा घोंघावत होता. एवढ्या वर्षांत मी रचलेल्या थापा एका पोत्यात भरल्या असत्या तर ते पोतं सहा सिलिंडरांनाही ओढवलं नसतं, आणि त्यातली एकही मला कधी टोचली नव्हती. त्या दिवशी बापाने मारलेली एक थाप टोचली. माझी लाज झाकायला तो माणूस शेजारणीशी खोटं बोलला होता, आणि माझ्यासाठी रांधलेली भाजी पुरावा म्हणून वाटून आला होता.

आत गेलो. बाबा तव्यावरची भाकर उलटत होते. बस म्हणाले, हात धू म्हणाले. मी तसाच दारात उभा राहिलो. चारशे पोरांच्या वर्गात माईकशिवाय बोलणारा माणूस मी, पण इथे अगदी हळू बोललो.

"बाबा," मी म्हणालो, "मी भेटायले नाई येत. गाडीची जाळी चोंदते. हायवेले काढा लागते. म्हणून येतो. तुमी त्या दिवशी लॉनवर बोल्ले होते, ते बरोबर होतं. मागच्या रविवारी जाळी साफ होती, तं मूर्तिजापूरवरून वापस गेलो. क्लासचं काही काम नव्हतं."

बाबांनी भाकर तव्यावरून उतरवली. बाहेरचा पंखा अजून चालू होता. ते नेहमी पायरीवर बसत तसे हातातलं उलथणं धरून उभे राहिले, तो थांबेपर्यंत. थांबला. मग त्यांनी माझं ताट पुढे ओढलं.

"माईत हाय," ते म्हणाले. "पेट्रोलवाली घेतली असती तं तू आला नसता."