मामाजींना कुशीवर कोण करणार

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. केळी आणतात, बिस्किटाचा पुडा आणतात. पण माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, लकव्यानं खाटेवर पडले आणि पडून पडून त्यांच्या माकडहाडावर जखम झाली, तेव्हापासून येणारा प्रत्येक जण औषधच आणू लागला. कुणी पांढरं मलम, कुणी लाल औषधाची बाटली, कुणी जखमेवर ओतलं की फसफसणारं पाणी. दिग्रसच्या बाजाराला गेलेला माणूस येताना ट्यूब घेऊन यायचा आणि ती मामाजींच्या उशाशी अशा थाटात ठेवायचा, की जणू आता उद्या ते उठून वावरात जाणार.

माझं डोकं फिरायचं. खिडकीत औषधं वाढत होती आणि जखमही वाढत होती. आधी नुसती लाल झालेली कातडी, मग फोड, मग खड्डा. सासूबाईंनी कॅप्सूल फोडून त्यातली पिवळी पूड त्या खड्ड्यात भरली. हाडाला टोचू नये म्हणून जुन्या लुगड्याची चुंबळ केली, डोक्यावर पाण्याचा गुंड ठेवायला करतात तशी, आणि ती खाली सरकवली. माया होती हो त्यात. पण त्या चुंबळीनं भोवतालची कातडीही काळी पडली. चुलत दिरानं तर कमालच केली. बैलाच्या खांद्यावर मारायचा जांभळा फवारा घेऊन आला. "बैलाले लय लवकर फरक पडला," म्हणाला.

हे सगळं मी पाहत होते ते दारातून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, त्यांच्या अंगाला हात लावायचा तर प्रश्नच नाही. ताट ठेवायचं आणि मागे सरायचं. एवढ्या वर्षांत मामाजी माझ्याशी जे काही बोलले ते सासूबाईंमार्फत. म्हणून त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं माझ्या नवऱ्याकडे, आणि नवरा सकाळी वावरात गेला की दिवेलागणीला परत. सासूबाईंच्या गुडघ्यांत जोर नाही. म्हणजे सकाळी उताणे ठेवलेले मामाजी दिवसभर उताणेच. घरात कामाचे दोन हात होते, माझे, आणि ते पदर सांभाळण्यात गुंतलेले.

ताप चढला आणि जखमेला वास सुटला तेव्हा गाडी करून त्यांना यवतमाळला नेलं. सासूबाईंना गाडी लागते, म्हणून नवऱ्यासोबत मी गेले. डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं, इंजेक्शन दिलं, आणि आम्ही नेलेली औषधांची पिशवी टेबलावर उलटी केली. फसफसणारं पाणी आणि बैलाचा फवारा त्यांनी आधी बाजूला काढला. "यानं नवीन येणारं मांसही खराब होतं," ते म्हणाले. "जंतू अंगात पसरले म्हणून मी आता औषध देतोय. पण नुसत्या औषधानं ही जखम भरणार नाही. अंगाचा भार तिच्यावरून उतरला तर भरेल. दर दोन तासांनी कूस बदलता ना?"

"हो, बदलतो ना साहेब," माझा नवरा म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. बाप समोर कण्हतोय आणि हा माणूस इज्जतीपायी खोटं बोलतोय. "नाई बदलत," मी म्हणाले. "कोनीच नाई बदलत. दिवसभर उताने पडून राह्यते ते." मामाजींसमोर माझा आवाज पहिल्यांदाच निघाला, तोही एवढा मोठा की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. घरी चल मग सांगतो, अशा नजरेनं नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं सांगितलंही. "लोक काय म्हनतील? सून सासऱ्याले उघडं करते?"

"बैलाचा खांदा सोलला तर फवारा मारून लगेच जू ठेवता का त्याच्यावर?" मी विचारलं. "नाई ना? वावर तसंच राह्यलं तरी बैलाले मोकळं ठेवता. मंग बापाले काहून नाई?"

तो तणतणत बाहेर निघून गेला.

मी पदर कमरेला खोचला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नकोही म्हणाल्या नाहीत. मामाजींनी मला येताना पाहिलं आणि चांगल्या हातानं उशाशी असलेला खांद्यावर टाकायचा दुपट्टा स्वतःच्या तोंडावर ओढून घेतला. इतकी वर्षं मी तोंड झाकलं, आता त्यांनी झाकलं. मला त्याचाही राग आला. त्यांना कुशीवर केलं, पाठीला उशी लावली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, पट्टी लावली. दुपट्ट्याखाली ते रडत होते, हे मला कळत होतं. तरी मी हात थांबवला नाही.

मग तेच चालू राहिलं. डावी कूस, उजवी कूस. अंडं, वरण, दूध. ताप उतरला, औषधाच्या गोळ्या संपल्या. खड्ड्याच्या तळाशी लालबुंद मांस दिसू लागलं, कडा जवळ येऊ लागल्या. पोळ्याच्या सुमारास जखम नाण्याएवढी उरली.

तेव्हा घाटंजीकडचे एक लांबचे पाहुणे आले. त्यांची आई कंबर मोडून पडलेली होती आणि तिलाही अशीच जखम झाली होती. मामाजींची पाठ पाहून ते थक्क झाले. "कोनतं मलम लावलं जी?" त्यांनी विचारलं. नवऱ्यानं लगेच खिडकीतली एक ट्यूब उचलली. "हे. लय भारी आहे." त्या ट्यूबचं झाकण आमच्या घरात कधी उघडलंही नव्हतं.

मी चुलीपाशी दातओठ खात बसले होते. तेवढ्यात खाटेवरून मामाजींचा जड, अडखळता आवाज आला. "खोटं... बोलते तो. इले... इचारा." तोंडावर दुपट्टा नव्हता. बोट माझ्याकडे होतं.

मी बाहेर आले आणि पाहुण्यांना सगळं सांगितलं. गोळ्या कशासाठी होत्या, पट्टी कशी लावायची, चुंबळ का ठेवायची नाही, कूस कशी आणि किती वेळानं बदलायची. "बराबर आहे, बराबर आहे," म्हणत ते मान हलवत राहिले. मग चपला घालता घालता नवऱ्याला हळूच म्हणाले, "ते ट्यूब दाखव बरं एकडाव." आणि मोबाईलवर तिचा फोटो काढला.

त्यांच्या आईला मी कधी पाहिलेलं नाही. पण ती कुठंतरी उताणी पडून आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं आणि मी तशीच, उघड्या डोक्यानं रस्त्यावर धावले. पाहुण्यांनी मोटारसायकल सुरू केली होती.

"मलम राहू द्या!" मी ओरडले. "घरी जाऊन आंधी मायले कुशीवर करा!"

गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बघत होती. मी वळणापर्यंत तेच ओरडत गेले.