भाऊंचं आहे

टेबल लावून झालं होतं. फक्त मधलं, मानाचं पान राहिलं होतं. ते ज्यांच्यासाठी होतं ते भाऊ आहेत की गेले, हेच मला कळत नव्हतं. आणि भरल्या घरात हे विचारायचं कसं?

मी टेबल सेटअपचं काम करते. लोक घरी खास जेवण ठेवतात, तेव्हा आम्ही जाऊन केळीची पानं, फुलं, दिवे, पेले सगळं मांडून देतो. केळवण असतं, वाढदिवस असतात, वर्षश्राद्धाचं जेवणही असतं. ज्यांच्यासाठी जेवण, त्यांचं पान मध्ये. त्याला आम्ही मानाचं पान म्हणतो. रांगोळी फक्त त्याच पानाभोवती काढायची. पण गेलेल्या माणसाच्या नावाने पान असेल, तर रांगोळी काढायची नाही. काही घरांत पानाचं टोकही फिरवतात. एरवी टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, तेव्हा उजव्या. कल्याणजवळ मोहन्याला, आमच्या घरी टोक कुठे आहे ते कोणी बघत नाही. मी हे कामावरच शिकले.

एरवी पल्लवी मॅडम सोबत असतात. त्या दिवशी त्यांचं ठाण्यात खोपटला मोठं काम होतं, म्हणून मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं. म्हणाल्या होत्या, "हे नीट झालं, तर कल्याणची सगळी घरं तुमची, सुनंदाताई." मला ती घरं हवी होती. ठाण्याला जाऊन येण्यातच माझा दिवस जातो.

ऑर्डर व्हॉइस नोटवर होती. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मॅडम तसंच पाठवतात. घरातली सून, मानसी, त्यात सांगत होती, "रविवारी भाऊंचं आहे. घरचीच माणसं. पांढरी फुलं आणा. फुगे नकोत, गाणी नकोत. पान तेवढं नीट लावा, आमच्याकडे ते फार बघतात."

भाऊंचं आहे, असं आपण कशाला म्हणतो? आमच्याकडे सासऱ्यांचं श्राद्ध असतं, तेव्हा मी पण असंच म्हणते. मी धरूनच चालले की भाऊ गेले.

पण घरात शिरले तर मानसीच्या अंगावर जरीची साडी. म्हटलं, मग वाढदिवस असेल. एवढ्यात तिने भाऊंचा मोठा फोटो आणून खुर्चीवर ठेवला. शेजारी ताटात चंदनाचा हार. तो गेलेल्यांच्या फोटोलाही घालतात आणि सत्कारालाही. स्वयंपाकघरातून वास आला, म्हणून डोकावले. वडे आणि खीर. श्राद्धाचंच जेवण. तेवढ्यात मानसी जाऊबाईंना म्हणाली, "खिरीत साखर कमी ना गं? भाऊंना डायबेटीस आहे."

आहे, म्हणाली. पण माझी आई जाऊन किती वर्षं झाली, तरी मी अजून म्हणते, आईला कारलं आवडत नाही.

मी गॅलरीत जाऊन मॅडमना फोन लावला.

"मॅडम, भाऊ आहेत का?"

"कोण भाऊ?"

"ज्यांचं आहे ते."

"ताई, मी इथे स्टेजवर चढलेय. व्हॉइस नोट परत ऐका ना."

परत ऐकली. भाऊंचं आहे.

टेबलाशी भाऊंच्या पत्नी, आजी, पेले पुसत बसलेल्या. कपाळावर टिकली होती, पण आता टिकली सगळ्याच लावतात. मी हिंमत केली.

"आजी, भाऊ..."

"गेले ना ते. सकाळीच गेले."

मला वाटलं, गेल्या वर्षी सकाळच्या वेळी गेले असतील. मी हळूच विचारलं, "त्रास झाला का फार?"

"छे. मुलगा होता बरोबर, गाडीतूनच नेलं." त्यांनी पेला उजेडात धरला. "मला पण चल म्हणत होते. मी म्हटलं, घरात एवढी कामं पडलीत, मी कुठे येऊ?"

मला भरून आलं. किती शांतपणे सांगत होत्या. मी मानाचं पान घेतलं, टोक उजवीकडे केलं आणि रांगोळीचा डबा पिशवीत टाकला.

बेल वाजली. मुलाचा हात धरून एक म्हातारे गृहस्थ आत आले. केस नुकतेच कापलेले, मानेला पावडर. फोटोतलेच.

"एवढा वेळ?" आजी म्हणाल्या.

"रविवार आहे. सलूनला गर्दी." भाऊ टेबलाशी आले आणि पानाकडे बघत उभे राहिले. "हे कोणाचं?"

"तुमचंच, भाऊ. पंच्याहत्तरी तुमचीच ना?" मानसीने अजून पान बघितलं नव्हतं. मग बघितलं.

 

भाऊ माझ्याकडे वळले. "ताई, थोडी घाई झाली तुमची."

मुलगा हसला. आजी हसल्या नाहीत. त्यांनी पान उचललं, सरळ फिरवून ठेवलं आणि माझ्यापुढे हात केला. मी डबा दिला. त्यांनी स्वतः पानाभोवती रांगोळी काढली. हात थरथरत होता. रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली. मी मदतीला पुढे झाले, तर म्हणाल्या, "राहू दे. ही मीच काढते." भाऊ तोवर उभेच राहिले.

घरी आले ते काम गेलं असं धरूनच. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मानसीने स्टेटसला टेबलाचा फोटो टाकला होता.

"ताई, मधली ती वाकडी रांगोळी कोणाची आयडिया? लोकांना फार आवडलीय. दोघींनी तशीच मागितली."

मी म्हटलं, "तिथेच सुचली." दुसरं काय बोलणार?

कल्याणची घरं आता माझ्याकडे आहेत. सरळ रांगोळी काढणारी मी, आता मुद्दाम हात हलवून वाकडी काढते, आणि लोक तिचेच फोटो काढतात. यातलं मला काही कळत नाही. मी एवढंच शिकले की ऑर्डर घेताना आधी विचारायचं, "ज्यांचं आहे, ते स्वतः बसणार ना जेवायला?" फोनवर समोरचं माणूस आधी चिडतं. चिडू दे.