दुपारचा काळोख

कॅप्टनसाहेबांच्या दारावर मी जी टकटक केली, ती अगदी प्रेमाने केली होती. हातात ताटली, ताटलीत तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या सुरमईच्या दोन तुकड्या. दाराला पाटी होती, 'कृपया त्रास देऊ नये'. पण मी त्रास कुठे द्यायला गेलो होतो? मी जेवण द्यायला गेलो होतो! गुरुदास कुडाळच्या बाजाराला गेलेला, त्यामुळे त्याच्या हॉटेलच्या गल्ल्यावर शेजारी म्हणून मी बसलो होतो. दुपार टळली तरी दारी आलेला माणूस उपाशी, आणि वालावलच्या माणसाने स्वस्थ बसायचं?

दार उघडलं. तांबारलेल्या डोळ्यांचा एक उंच माणूस आधी माझ्याकडे, मग सुरमईकडे बघत राहिला. मग त्याने निमूटपणे फोन उचलला. रात्रभर विमान चालवून आलेल्या माणसाची झोप मोडली, की त्याची विश्रांती नियमाने पुन्हा पहिल्यापासून मोजतात. संध्याकाळचं विमान उडालं नाही.

हा नियम मला ठाऊक नव्हता असंही नाही. आमच्या वाडीतल्या हौसाबाईची शर्मिला तो सगळ्या वाडीकडून तोंडपाठ करवून घेऊन गेली होती.

शर्मिला विमानात नोकरीला. एकदा रात्रभराच्या विमानानंतर कंपनीने त्या सगळ्यांना लग्नाच्या हॉलवरच्या खोल्यांत उतरवलं. खाली दिवसभर बँड, वर ही छताकडे बघत पडलेली. संध्याकाळी विमानात उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि उकळतं पाणी मनगटावर सांडलं. डाग अजून आहे. तेव्हापासून ती कर्मचारी संघटनेच्या, हॉटेलं ठरवणाऱ्या कमिटीवर गेली आणि कंपनीशी भांडू लागली.

"पलंग आहे, पंखा आहे, नाश्त्याला उपमा आहे," कंपनीचे साहेब म्हणाले. "आणखी काय हवं?"

"काळोख," शर्मिला म्हणाली. "दुपारी बाराचा."

साहेब हसले. तिने बाही वर करून डाग दाखवला. "हा हात प्रवाशाचा असता तर?"

साहेबांचं हसू मावळलं, पण अट घातल्याशिवाय ते सोडणार थोडेच! हॉटेल तुम्हीच शोधा. मात्र एक जरी तक्रार आली, तर आम्ही ठेवू तिथे राहायचं. शर्मिलाने बेधडक मान्य केलं. हॉटेल तिच्या डोक्यात होतंच. विमानतळापासून जवळच, खाडीकाठचं, गुरुदासचं. "आमच्या गावची माणसं आहेत," ती म्हणाली. हे बोलताना तिची मान किती ताठ झाली असेल, ते मला न बघताही दिसतं.

मग गुरुदासशी घासाघीस सुरू झाली.

"खिडक्यांका काळे पडदे लाव."

"काळे? कोण मेलो काय गो?"

"आणि दाराक कोणी हात लावूचो नाय. जेवतास काय म्हणान सुद्धा इचारूचा नाय."

गुरुदासला हे काळ्या पडद्यांहून अशुभ वाटलं. "माणूस जेवलो काय उपाशी, ता पण इचारूचा नाय? मगे ह्या हॉटेल कसला गो? ह्यो तर तुरुंग!"

"तुरुंगात इचारतत," शर्मिला म्हणाली. "हंय नाय."

शेवटी ती माझ्याकडे वळली. "काका, तुमचो कोंबो?"

माझा कोंबडा वेळकाळ न बघता आरवायचा. मी त्याला टोपलीत घालून पिंगुळीला बहिणीकडे पोचवला. विमानसेवेसाठी एवढा त्याग करणारा पंचक्रोशीत मी एकटाच, असं चारचौघांत सांगितलंही. जानकीने, गुरुदासच्या बायकोने, सावंतवाडीहून कापड आणून पडदे शिवले. विमानातली माणसं सकाळी यायची, दिवसभर गाढ झोपायची आणि संध्याकाळी हसत जायची. कोंबडा गेला होता. मी मात्र वाडीतच राहिलो होतो.

सुरमईनंतरच्या बैठकीत साहेबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाले, "मासा चांगला होता म्हणे." गुरुदासच्या हॉटेलचं नाव शर्मिलाने स्वतःच्या हाताने खोडलं. सगळी मंडळी पुन्हा लग्नाच्या हॉलवर गेली. तिच्याबरोबरच्या मुली आता तिला हॉटेलांबद्दल काही विचारत नाहीत.

परवा ती गावी आली. डोळे अगदी त्या कॅप्टनसारखे तांबारलेले. गुरुदासच्या घरासमोरच्या खळ्यात जानकीने ते काळे पडदे अंथरून वर आमसुलं वाळत घातली होती. गुरुदास मला बघून आत निघून गेला. हल्ली तो असाच जातो. शर्मिला खाली बसून एकेक आमसूल उलटं करत राहिली. माझ्याशी भांडली असती तरी बरं वाटलं असतं.

"मी येव काय गो मुंबैक? सायबाशी बोलतंय," मी म्हटलं.

तिने पुढचं आमसूल उलटं केलं.

"मगे त्या कोंब्याक तरी हाडू परत?"

"हाडा, काका. आता हंय निजूक कोण येतलो?"