दुखवट्यातली इटली

बाबा गेले त्या वर्षी आमच्याकडे कुठलाच सण करायचा नव्हता. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गोडधोड नाही, तळण नाही, आकाशकंदील नाही, एवढं मला माहीत होतं. ख्रिसमस त्यात धरायचा की नाही, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

इथे अमेरिकेत, अल्फारेटात, नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, घरोघरी दिवे लागतात. आम्हीही दरवर्षी लावतो आणि झाड आणतो. भक्ती वगैरे काही नाही, आपलंच घर तेवढं अंधारात दिसू नये म्हणून. त्या वर्षी आठ-नऊ वर्षांची लेक कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बट ख्रिसमस इज नॉट इव्हन अवर फेस्टिव्हल! सो व्हाय कान्ट वी?" मुद्दा बिनतोड होता. नवरा म्हणाला, "आपला सणच नाही, तर करायचाच कशाला?" मुद्दा तोच, आणि तोही बिनतोड. मी आईला विचारलं. नाशिकचा फ्लॅट बंद करून ती दसऱ्याच्या सुमारास माझ्याकडे आली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडे कसं करतात ते मला काय ठाऊक? तुम्हीच ठरवा." आमच्याकडे कसं करतात हे मला ठाऊक असतं, तर मी तिला विचारलं असतं का?

शेवटी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या, पूजा सांगणाऱ्या एका काकांना फोन लावला. ते म्हणाले, "आपले नियम आपल्या सणांना. ख्रिसमस करा खुशाल." मी सुटकेचा श्वास सोडते तोच म्हणाले, "पण लायटिंग म्हणजे रोषणाई झाली हो. ती नको." म्हणजे झाड आणायचं, पण अंधारात ठेवायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

तोडगा नवऱ्याने काढला. "आपण इथे राहायचंच नाही यार. फिरायला जाऊ. फिरण्याला काही दुखवटा आड येत नाही." त्याच्या ऑफिसात कोणीतरी इटलीचं कौतुक केलं होतं. जुन्या इमारती, चित्रं, पुतळे, आईला देवळं आवडतात तर तिथे चर्च बघता येतील. आम्ही इटली बुक केली. घरात दोन इंजिनिअर, आणि ख्रिसमस टाळायचा म्हणून आम्ही ऐन डिसेंबरात रोमला निघालो! विमानात हवाईसुंदरी लाल टोपी घालून आली, तेव्हा पहिल्यांदा मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

माझा या सहलीत दुसराही एक हेतू होता. आईने आता इथेच राहावं, तिच्या ग्रीन कार्डचं काम सुरू करावं, असं मला फार वाटत होतं. तिकडे तिने एकटीने काय करायचं? विषय काढला की ती "बघू" म्हणायची. निघायच्या आदल्या दिवशी मात्र म्हणाली, "फिरून येऊ, मग सांगते." मी मनात म्हटलं, चांगलं फिरवलं की हो म्हणेल.

रोममध्ये आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो. गल्लीगल्लीत दिव्यांच्या माळा, दुकानादुकानात मिठाई, प्रत्येक चर्चमध्ये येशूच्या जन्माचा देखावा. लेक खूश. आईचं काय चाललं होतं, ते मला काही केल्या कळेना. चर्चच्या दारात तिने सवयीने बूट काढले आणि संगमरवरावर मोज्यांनी चालू लागली. पहारेकरी हातवारे करायला लागला, मी बूट घेऊन तिच्यामागे पळाले. तोवर ती आत देखाव्यासमोर उभी होती. गायी, मेंढपाळ, आईवडील सगळे जागच्या जागी, मधे गवताचं अंथरूण तेवढं रिकामं.

"बाळ कुठे गेलं गं?" तिने विचारलं.

नवऱ्याने फोनवर वाचून सांगितलं, "आई, बाळ चोवीस तारखेच्या रात्री ठेवतात. तोपर्यंत जागा रिकामीच."

"बरोबर आहे. जन्म व्हायच्या आधी कसं ठेवतील?" असं म्हणून तिने नमस्कार केला आणि पदर डोळ्यांना लावला. नमस्कार गोकुळाष्टमीच्या आठवणीने आणि डोळे बाबांच्या, असा मी अर्थ लावला. विचारलं तर म्हणाली, "धूर आहे मेणबत्त्यांचा."

कलोसियमसमोर तिचं मत पडलं की पडक्या जागेला एवढी गर्दी बरी नव्हे. फोटोत ती छान हसायची, आणि फोटो झाला की हसू घडी घालून परत ठेवून द्यायची. तिला मजा येतेय की ती आमच्यासाठी सोसतेय? रोज मी नवऱ्याला विचारायचे, आणि तो रोज म्हणायचा, "शी इज एन्जॉयिंग, यार." मला वाटतं, तो इटलीबद्दल बोलत होता आणि मी नाशिकबद्दल.

पुढे आम्ही फ्लॉरेन्सला गेलो. तिथे भाड्याने घेतलेल्या जागेत कोपऱ्यात एक छोटं ख्रिसमस ट्री आधीच मांडून ठेवलेलं! लेक उडी मारून बटणाकडे धावली. मी ओरडले, "नो लाइट्स!" पोर हिरमुसली, आई बॅगा उघडू लागली, आणि मला दोघींचाही राग आला. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची, सत्तरीची, ठेंगणी, एकटी. ती किल्ल्या समजावून द्यायला आली, तेव्हा तिने झाडाकडे बोट दाखवून विचारलं, बिघडलंय का? नवऱ्याने फोनमधल्या भाषांतरावर सांगून टाकलं, की घरात मृत्यू झालाय, यंदा आम्ही सण करत नाही. बाईने फोन वाचला, आईच्या कपाळाकडे बघितलं, बाबांच्या मागेही आईने सोडली नव्हती त्या छोट्या टिकलीकडे, आणि खाली गेली. "कशाला सांगितलंस?" मी नवऱ्यावर चिडले. "आता त्यांना ऑकवर्ड होणार."

ख्रिसमसच्या दिवशी शहर बंद. हे आम्हाला सुचायला हवं होतं, पण आम्हाला काय काय सुचायला हवं होतं, ते आता सोडा. उपाहारगृहं बंद, किराणा बंद. आईने बॅगेतल्या तांदूळ-डाळीची खिचडी केली. आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात दार वाजलं.

घरमालकीण होती. हातात कापडाने झाकलेली थाळी. तिने कापड बाजूला केलं: मनुका घातलेला उंच, फुगीर केक, तिकडे ख्रिसमसला घरोघरी असतो तो, कापून आणलेला. घ्यावा तर दुखवटा, न घ्यावा तर म्हातारीचा अपमान. मी फोन शोधत "नो नो, थँक यू, वी आर नॉट..." असं काहीतरी बडबडत होते. तेवढ्यात आई पुढे झाली. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि दोन्ही हातांनी थाळी घेतली. मग आधी बाई रडायला लागली का आई, ते मला नीट आठवत नाही. दोघी दारातच एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या, आणि एकीचं अक्षरही दुसरीला कळत नव्हतं.

आईने थाळी रिकामी करून धुतली, त्यात मूठभर साखर घातली आणि बाईच्या हातात दिली. केकातल्या अंड्याबद्दल आई कधी विचारत नाही आणि आम्ही कधी सांगत नाही. तिने एक तुकडा स्वतः खाल्ला, एक नातीला दिला. "जा, लाव तुझे दिवे."

"आजी, आर यू शुअर?"

"हो गं बाई, शुअर."

मला काहीच कळेना. "आई, अगं दिवाळीत तू शंकरपाळ्याला हात लावला नव्हतास. आणि आज?"

"दिवाळीत शंकरपाळे होते कुठे?" आई म्हणाली. "घरात करायचे नसतात. बाहेरच्यांनी आणून द्यायचे असतात. शेजारी आणतात, नातेवाईक आणतात, बळेबळे खायला लावतात. त्याशिवाय दुखवटा निघतो का? पाडव्यापर्यंत मी रोज तुझ्या दाराकडे कान देऊन बसले होते. कोणी आलं नाही."

दिवाळीत आमच्याकडे कोणी का आलं नाही, हे मला माहीत होतं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, यंदा त्यांना स्पेस देऊ या, आणि सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. किती समजूतदार माणसं आहेत, म्हणून मला भरून आलं होतं. मी तेच आईला सांगू लागले, की अगं, त्यांनी तुझा मान राखला.

"राखला ना. नाही कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "पण मी जाते नाशिकला. कागदबिगद काही करू नकोस माझे."

आठ दिवस फिरवून हे उत्तर! मी भडकलेच. "तिथे शेजारी आहेत, आणि इथे मी नाही का? मी नाही का करत तुझं सगळं?"

"करतेस गं. पण तू घरातली. घरातल्या माणसाला घरातला दुखवटा काढता येत नाही." तिने केकचा तुकडा मोडला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मला आत्ताच पाहतेय. "आणि बाप तुझाही गेला ना? तुझ्याकडे तरी कोण आलं?"

तिने तुकडा माझ्या तोंडाशी धरला. बाबा गेल्याला पाच महिने होऊन गेले होते, आणि मी अजून एकदाही रडले नव्हते.