आईचं वजन

दोन आसनी विमानात आमचं कुटुंब मावेना, म्हणून मी ते विकून चार आसनी घेतलं. जळगावहून सगळ्यांना फिरवायचं ठरलं. उड्डाणाआधी प्रत्येकाचं वजन धरावं लागतं, म्हणून चोपड्याच्या आमच्या घरी केळी तोलायचा काटा अंगणात मांडला. बायको आणि मुलगी निमूट चढल्या. आई अडून बसली.

"मी काय केळीना घड शे का?"

भरल्या टाक्यांसह चौघांचं वजन विमानाला झेपणार नाही, हे मी समजावलं.

"मंग तूच उतर. बठ्ठासमा जाड तूच शे!"

"अगं, सगळ्यांत जाड असलो तरी विमान चालवणार कोण?"

बायको पदराआड हसली. शेवटी आई चढली. मी इंधन कमी भरलं आणि धुळ्यापर्यंतच गेलो. उतरल्यावर आईची एकच तक्रार होती, जरा हळू चालवलं असतं तर शेतं नीट दिसली असती.