अम्मीचे गुडघे

"तू हात लावलासच कशाला?"

"हात लावणं हाच माझा धंदा आहे, आपा."

"धंदा दुकानात! मी ही बाईंच्या हातात दिली होती, तुझ्या नाही."

"फाटली होती."

"झिजली होती! फाटणं वेगळं, झिजणं वेगळं. जन्म गेला तुझा सुईत आणि हे मी सांगू तुला?"

वाचनालयाच्या वरच्या खोलीत, लांब टेबलाच्या दोन बाजूंना बहीण-भाऊ उभे होते. मधे त्यांच्या आईची जानमाज पसरलेली. नमाज पढताना अंथरायची ती निळी सुती पट्टी, धुऊन धुऊन मऊ झालेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भावाचे केस पांढरे झाले होते, पण आपासाठी तो अजून छोट्याच. बाकी सगळी गल्ली त्याला रफूमामा म्हणायची.

आपाने जानमाज उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "दाखव. कुठे होते अम्मीचे गुडघे?"

रफूमामाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. रोजचंच. गिऱ्हाईक कोट असाच उजेडात धरून विचारायचं, "मामा, भोक होतं तरी कुठे?" आणि मामा मान वर न करता म्हणायचा, "मला काय विचारता? मीही विसरलो." गिऱ्हाईक खूश होऊन हसायचं. जन्मभर हा एकच विनोद त्याला पुरला होता. आज मात्र त्याने तो केला नाही.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. एक स्टूल, एक दिवा, आणि पाटीवर 'शिवण नाही, फक्त रफू'. कोणी बटण लावायला आणलं तरी तो पाटीकडे बोट दाखवायचा. कापडाच्या आतल्या काठातून त्याच कापडाचे धागे ओढायचे, भोकाभोवतीचा सुटलेल्या धाग्यांचा पिसारा कातरायचा आणि उभ्या-आडव्या धाग्यांनी विणत जायचं, ही त्याची पद्धत. काम उत्तम झालं की ते दिसतच नसे, त्यामुळे त्याचं कौतुकही फारसं झालं नव्हतं. त्याला त्याचं काही नव्हतं. न दिसण्यासाठीच तर तो हे काम शिकला होता.

अम्मी लाँड्रीत इस्त्री करायची. दुसऱ्यांच्या शर्टांना सुरकुती राहू द्यायची नाही, पण सुई हातात आली की आनंदीआनंद. छोट्याच्या शाळेच्या काळ्या चड्डीला तिने एकदा पांढऱ्या दोऱ्याने तळहाताएवढं ठिगळ लावलं. वर्गात नाव पडलं, ठिगळ्या. आपा मधल्या सुट्टीत त्या पोरांशी भांडली, एकाला चावलीसुद्धा. छोट्या मात्र घरी येऊन मूग गिळून बसला, आणि शाळा सुटल्यावर एका म्हाताऱ्या रफूगाराच्या पायाशी जाऊन बसायला लागला. दोघांचे स्वभाव तिथेच ठरले.

वाचनालयाची पेटी ही बाईंची कल्पना. बाई म्हणजे ग्रंथपाल. मुसलमान घरांतलं रोजचं जगणं मुलांना हातात घेऊन बघता यावं, म्हणून ही पेटी शाळाशाळांत फिरायची. तिच्यात पुस्तकं होती, जपाची तसबी होती, कुराण ठेवायची लाकडी घडवंची होती, नमाजासाठी तोंड करायची किबल्याची, म्हणजे मक्केची, दिशा दाखवणारं छोटं होकायंत्र आणि डोक्यावर घ्यायचा रुमालही. आधी सगळं दुकानातून आणलेलं, कोरं करकरीत. जानमाज तर अशी मखमली, की तिच्यावर बसायची भीती वाटावी. एका शाळेत कोणीतरी विचारलं, "हे खरंच कोण वापरतं?" मग बाईंनी ओळखीच्या घरांत निरोप धाडले: वापरलेलं द्या.

आपाने अम्मीची जानमाज दिली. दोन गुडघ्यांच्या जागी विरळ, कपाळाच्या जागी एक गोल, पावलांशी फिकट. "मुलांना म्हणेन, ठेवा गुडघे इथे," असं ती बाईंना म्हणाली होती. पेटीचे पट्टे विरले की ते रफू करायला रफूमामा अधूनमधून येत असे. तसाच आला, घडी उलगडली, आणि अम्मी आठवायच्या आधी त्याला ऐकू आलं, 'ए ठिगळ्या!' जानमाज पिशवीत घालून तो घरी घेऊन गेला. आयुष्यातलं सर्वांत सुरेख काम त्याने तिच्यावर केलं.

"उसव," आपा म्हणाली.

"उसवून पूर्वीसारखी नाही होणार."

"का नाही?"

"जुने धागे कातरलेत मी. आता उसवलं तर नुसतं भोक राहील."

आपा खुर्चीत बसली. तेवढ्यात बाईंनी दारातून डोकं आत घातलं. "आज इथे बोलावलेली मुलं जिन्यात आलीत. जानमाज मांडायची ना?"

"नाही. ही मी घरी नेते," आपा म्हणाली. "तुमची ती मखमली मांडा."

तिने गुंडाळायला सुरुवात केली. रफूमामाने त्या गुंडाळीवर हात ठेवला. "थांब जरा."

त्याने जानमाज उलगडली आणि उलटी केली. रफू वरून कितीही लपवा, मागे लपत नाही. धागा ताणून कापड आवळू नये म्हणून प्रत्येक वळणावर बारीक फास सोडावा लागतो. उलट्या बाजूवर ते फास दाढीच्या खुंटांसारखे उभे होते. कपाळाशी एक गोल, खाली दोन मोठे डाग, आणि त्यांतला डाव्या गुडघ्याचा, उलटल्यामुळे आता उजवीकडे आलेला, दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

आपाचं बोट त्या मोठ्या डागावर जाऊन थांबलं. "उजवा दुखायचा तिचा," ती म्हणाली.

"हं."

बाई दारातच उभ्या होत्या. "मांडू?"

"अशीच मांडा. उलटी," आपा म्हणाली.

मुलं आली, चपला काढून गोल बसली. जमिनीवर पसरलेल्या जानमाजीवर आपाने एकीला गुडघे टेकायला लावलं. पोरीचे गुडघे ठेवले तर कपाळ गोलापर्यंत पोचेना.

"तुमची आई उंच होती?" पोरीने विचारलं.

"दारात वाकून यायची."

"आणि ही बाजू मोठी का?"

"उजवा गुडघा दुखायचा. सगळा भार डाव्यावर."

"मग खुर्चीत बसून नाही चालत?"

"चालतं की! डॉक्टरांनी सांगितलं, आम्ही सांगितलं. पण ऐकेल ती आमची अम्मी कसली!"

मुलं हसली. मागून एकाने विचारलं, "मग हे असं बुजवलं का?"

"ते त्या मामांना विचार."

रफूमामा भिंतीला टेकून उभा होता. "फाटलेलं नीट करायचं असतं, म्हणून," तो म्हणाला. मुलाला ते पटलं. सगळी होकायंत्राकडे वळली आणि कोणाच्या हातात सुई लवकर थांबते यावर मारामारी सुरू झाली.

खोली रिकामी झाल्यावर आपाने जानमाजीची घडी घातली, उलटी बाजू वर ठेवून. पेटीत सर्वांत वर ती ठेवली आणि झाकण लावलं.

"राहू दे पेटीत. जाऊ दे शाळांत," ती बाईंना म्हणाली. बाई पेटी ढकलत बाहेर गेल्या.

मग आवाज न चढवता, भावाकडे न बघता आपा म्हणाली, "छोट्या, त्या पोराला सांगितलंस ते ठीक आहे. आता मला सांग. लोक हसतील म्हणून केलंस, की तुलाच लाज वाटली अम्मीची?"

रफूमामाने टेबलावरची सुयांची डबी उचलली, झाकण बसलंय का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि खिशात घातली. दाराशी काढलेल्या चपला पायात सरकवल्या. आपा अजून खुर्चीतच होती. तो जिना उतरू लागला.